संकल्प निळ्यांचा, भाची पिवळ्यांत

पंचवटी, नाशिक
बुधवार, दुपार (ऊन इतकं की शाई कागदावर टेकायच्या आत वाळते आहे)

चि. उत्तरा हिला,

मामाचे भरपूर आशीर्वाद, आणि डेन्मार्कच्या थंडीत खर्ची पडतील म्हणून वरती थोडे जास्तीचे. तुझी तब्येत, तुझा डावा गुडघा, आणि तुझ्या खोलीत राहणारी ती मैत्रीण, जी भातावर साखर घालून खाते, सगळे बरे असतील अशी आशा करतो. इकडे मामीची कंबर ठीक आहे, आमच्या विश्वेशची नोकरी ठीक आहे, आणि तुझी आई ठीक आहे असं ती स्वतः म्हणते. सिंहस्थ जवळ आल्यामुळे आपली गल्ली खणून ठेवली आहे. यजमान लोक फळीवरून तोल सांभाळत दारापर्यंत येतात आणि ओसरीवर पाय टेकला की आपण होऊन देवाचं नाव घेतात, त्यामुळे माझं निम्मं काम वाचतं.

पत्राचं कारण सुरुवातीलाच सांगून टाकतो, नाहीतर माझ्या स्वभावाप्रमाणे ते मागे राहील. रविवारी सामना संपल्यावर तू फोन केलास. आईला नाही, मला. आणि विचारलंस, ‘मामा, मी परत येऊ का? कायमची?’ मी म्हणालो, हॅलो, हॅलो, आवाज तुटतोय, आणि फोन ठेवला. बाळ, आवाज अजिबात तुटत नव्हता. तुझा श्वाससुद्धा ऐकू येत होता. इतकी वर्षं लोक मला विचारायला येतात, घर कधी बांधू, नातवाचं नाव काय ठेवू, गाडी मंगळवारी घेतली तर चालेल का, आणि माणूस पायरी चढेपर्यंत माझं उत्तर तयार असतं. तुझ्या प्रश्नाला मात्र माझ्याजवळ उत्तर नव्हतं. अजून नाही. मेअखेर तुला तिकडच्या लोकांना पुढच्या हंगामाचं हो की नाही ते कळवायचंय, तोवर लिहिता लिहिता ते सापडेल या भरवशावर बसलो आहे. (फोनवर अंगठ्याने लिहिताना मला विचार सुचत नाहीत, म्हणून कागद. विश्वेश पानांचे फोटो काढून पाठवेल. अंगठा आला तर तो त्याचा.)

मुळात घोळ सुरू झाला तो तुला उसनी दिल्यापासून. जानेवारीत तुझा निरोप आला की निळ्या फुटबॉल क्लबाने तुला हंगाम संपेपर्यंत पिवळ्या क्लबाकडे लोनवर पाठवलं आहे. (क्लबांची खरी नावं लिहीत नाही. त्यांत इतकी अक्षरं आहेत की पान पुरायचं नाही, आणि विश्वेशने उच्चार ऐकवला तेव्हा कळलं की त्यांतली निम्मी म्हणायचीच नसतात. आम्ही एक अनुस्वार गाळला तर वडील पळी फेकून मारायचे. इथे अख्खी अक्षरं गाळून लोक सुखाने नांदतात.) चांगलं धडधाकट माणूस उसनं कसं देतात, ते घरात कोणालाच उमगेना. तुझ्या मामीला आपलं पुरणयंत्र आठवलं. ते दर होळीला गल्लीभर फिरतं आणि रंगपंचमीच्या सुमारास घरी येतं तेव्हा त्याची एक तरी जाळी बदललेली असते. आपल्या पोरीचं असं करणार का, या काळजीने ती दोन दिवस पुरणयंत्राच्या जाळ्या मोजत बसली. शेवटी तुझ्या आईने उलगडा केला. तिचा सगळा जन्म सरकारी कचेरीत गेला, त्यामुळे जगातल्या कुठल्याही भानगडीला तिच्याकडे एक परिपत्रक असतंच. ती म्हणाली, दादा, ही प्रतिनियुक्ती आहे. माणूस काम दुसरीकडे करतो, पण राहतो मूळ कचेरीचाच. पगार तिकडचा, ज्येष्ठता तिकडची, इकडे फक्त खुर्चीवर टॉवेल टाकायचा. हे ऐकून आम्हाला इतकं हलकं वाटलं की पुढे कोणी काही विचारलंच नाही. उत्तरा निळ्यांची होती, निळ्यांचीच राहणार, हे घरात पक्कं झालं.

आता रविवारचं ऐक. तू आदल्या दिवशी आईला एवढंच सांगितलंस की उद्या मोठा सामना आहे, निळे आणि पिवळे समोरासमोर. (विश्वेश आता म्हणतो की काही देशांत उसन्या खेळाडूला मूळ क्लबाविरुद्ध उतरूच देत नाहीत. तुमच्याकडे देतात. तो नियम तुमच्याकडेही असता तर माझी अब्रू वाचली असती.) मी तुझ्या आईला विचारलं, मग ही कुणाकडून खेळणार? ती म्हणाली, उघड आहे, मूळ कचेरीत तपासणी असली की प्रतिनियुक्तीवरच्या माणसाला परत बोलावून घेतात. मला पटलं. मी पहाटे गोदेवर जाऊन आलो आणि तुझ्यासाठी अभिषेकाला बसलो. संकल्प सोडताना देवाला सगळं नेमकं सांगावं लागतं: कोणता देश, कोणतं संवत्सर, कोणती तिथी, नदीचा कोणता काठ, कोणाचं गोत्र, आणि काय हवंय. मोघम मागितलं की मोघम मिळतं, हे मी यजमानांना नेहमी बजावतो. डेन्मार्क कोणत्या द्वीपात धरायचं यावर माझा थोडा वेळ गेला, पण मी हार मानली नाही. मग तुझं गोत्र, तुझं नाव, आणि पाठोपाठ खणखणीत आवाजात, गाळायची अक्षरंसुद्धा न गाळता, निळ्या क्लबाचा विजय मागितला आणि पाणी सोडलं. इतका चोख संकल्प मी कित्येक वर्षांत केला नव्हता.

संध्याकाळी यात्रेकरूंच्या खोलीतल्या मोठ्या टीव्हीवर सामना लावला. विश्वेश फोन जोडून देऊन त्याच्या ऑफिसच्या मीटिंगसाठी माडीवर गेला, आणि खेळाची समज असलेला एकमेव माणूस खोलीतून गेला. उरलो मी, मामी, तुझी आई, गल्लीच्या तोंडाशी फुलं विकणारी आपली भागीबाई (तिने निळ्यांसाठी म्हणून अस्टरचा हार आणला होता, झेंडूचा पिवळा दिसतो म्हणून मुद्दाम टाळला), आणि देवळ्याहून वास्तुशांतीचा मुहूर्त विचारायला आलेले भिमाजी, जे मुहूर्त मिळूनही उठले नाहीत. चित्र इतकं धूसर होतं की पाठीवरची नावं मुंग्यांच्या रांगेसारखी दिसत होती. पण निळ्यांत पुढे एक वेणीवाली पोरगी धावत होती. रंग फारच उजळलेला वाटला. मामी म्हणाली, हवापाणी. उंचीही वाढल्यासारखी वाटली. मी म्हणालो, बुटांचा परिणाम. भिमाजींनी विचारलं, ‘गुरुजी, आपली पोर कोणती शे?’ मी बोट दाखवलं, आणि त्याच क्षणी त्या पोरीने गोल केला.

उत्तरा, त्या वेळचा आनंद काय सांगू. भागीबाईने जो आवाज काढला त्याने पलीकडच्या घरातलं मूल जागं होऊन रडायला लागलं. थोड्या वेळाने त्याच पोरीने दुसरा गोल केला. मी पेढ्यांचे पुडे आणवले आणि फळीवरून तोल सांभाळत घरोघरी स्वतः वाटले. कोपऱ्यावरचा फ्लेक्सवाला पेढा घ्यायला आला आणि मध्यंतर संपायच्या आत फ्लेक्स छापून, बांधूनही मोकळा झाला: ‘पंचवटीची कन्या, डेन्मार्कमध्ये दोन गोल, हार्दिक अभिनंदन’. त्याला घाईत तुझा फोटो दिला गेला तो चुलत बहिणीच्या लग्नातला, शालू आणि नथ घातलेला. शेजारी माझा फोटो आहे. माझा जरा मोठा आला आहे, ते मी सांगितलेलं नव्हतं. या सगळ्या धामधुमीत तुझी आई मात्र खुर्चीच्या कडेवर बसून होती आणि पेढा घेत नव्हती. मला वाटलं, डॉक्टरांनी गोड सोडायला सांगितलंय म्हणून.

मग सामना संपत आला असताना पिवळ्यांनी एक बदली खेळाडू आत पाठवली. बुटकीशी. ती रेषेपाशी थांबली, वाकली, जमिनीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि पळत आत गेली. खोलीत पाहतो तर तुझी आई उभी. ‘दादा, ती आपली आहे,’ एवढंच म्हणाली. मला तिने सांगायची गरज नव्हती गं. ते तुला मीच शिकवलं होतं, तू शाळेच्या संघातून पहिल्यांदा आपल्या नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर उतरलीस तेव्हा. ज्या जागेवर पाय देणार तिची आधी क्षमा मागावी, असं मी म्हणालो होतो आणि तू विचारलं होतंस, ‘बूट घालून चालतं का मामा?’ इतक्या वर्षांनी, त्या परक्या ओल्या गवतावर, तू ते करताना पाहिलं आणि मी तोंडातला पेढा चावायचाच विसरलो. भिमाजींनी शांतपणे विचारलं, ‘मंग ती निळी पोर कोणाची शे?’

पुढचं तुला माहीतच आहे. तू चेंडू घेऊन एकटी निघालीस. खोलीत आम्ही सगळे, तोंडात निळ्यांच्या विजयाचे पेढे धरून, पिवळ्यांसाठी ओरडत होतो. तू मारलास आणि तो आडव्या दांडीवर आपटून आभाळात गेला. भागीबाई टीव्हीकडे नाही, माझ्याकडे वळली. ‘गुरुजी, तुमीच संकल्पानं बांधून घातलं ना पोरीला! लय वाईट केलं,’ म्हणाली, आणि हार उचलून घेऊन गेली. सामना संपला, निळे जिंकले, म्हणजे संकल्प तर अक्षरशः फळला, आणि नंतर तुझा फोन आला.

तेव्हापासून मी गोंधळलोय, आणि हा गोंधळ माझ्या धंद्यातला असल्यामुळे जास्त झोंबतो. सोडलेला संकल्प मागे घेता येतो का, हे मी सोमवारी शास्त्रात शोधलं. ताम्हनात पडलेलं पाणी पळीत परत कसं घ्यायचं, याचा विधी कुठेच सापडला नाही. गल्लीतल्या ज्येष्ठ गुरुजींना विचारलं, तर ते म्हणाले, पुढच्या वेळी दोन्ही संघांचा विजय माग. मी म्हणालो, मग काय होईल? ते म्हणाले, बरोबरी. ही काय पळवाट झाली? आणि खरी पंचाईत वेगळीच आहे. त्या दांडीवरच्या चेंडूमुळे तू परत यायचं म्हणत असशील, आणि तो चेंडू माझ्यामुळे दांडीवर गेला असेल, तर मी तुला ‘ये’ कसं म्हणू? आणि माझ्यामुळे गेला नसेल, तर मी इतकी वर्षं ओसरीवर बसून करतो काय? दोन्हीकडून माझीच अडचण आहे. (त्या निळ्या पोरीबद्दलही मनात काही तरी राहिलं आहे. एवढ्या प्रेमाने तिला आशीर्वाद दिले, आता ते परत मागणं बरं दिसत नाही. भेटली तर माझा आशीर्वाद कळव. गोत्र विचारून ठेव.)

घरात तुझ्या प्रश्नावर तीन मतं आहेत. मामी म्हणते, लगेच ये, तिकडे गवत आहे तसं इकडेही आहे, आणि इकडे कोणी कोणाला उसनं देत नाही. (पुरणयंत्राचा विषय मी काढला नाही.) विश्वेश म्हणतो, आत्ता सोडलंस तर वेडी ठरशील, एवढ्या लांब पोचणाऱ्या मुली आपल्या देशात हातावर मोजण्याइतक्या, आणि निळ्यांनी नाही ठेवलं तर पिवळे ठेवतील. तुझी आई काहीच म्हणत नाही. सोमवारपासून ती रोज सकाळी तुझी गादी गच्चीवर उन्हात घालते आणि संध्याकाळी गुंडाळून पुन्हा माळ्यावर ठेवते. मी विचारलं, याचा अर्थ काय? ती म्हणाली, गादीला ऊन लागतं. दाजी गेल्यापासून ती अशीच झाली आहे, बोलायचं ते वस्तूंकडून बोलून घेते.

आणि माझं विचारशील, तर मला तू हवी आहेस. सरळच सांगतो. तू गेल्यापासून संध्याकाळी गल्लीत भिंतीवर चेंडू आपटत नाही. तेव्हा मी त्या आवाजावर किती चिडायचो, यजमान दचकतात म्हणून तुझा चेंडू दोनदा कोठीत कोंडून ठेवला होता. आता संध्याकाळी माझी पोथी बिनचूक वाचून होते आणि मला ते मुळीच आवडत नाही. तू आलीस तर माझ्याइतकं सुख कोणाला होणार नाही. म्हणूनच माझ्या ‘ये’वर माझा विश्वास बसत नाही.

उसनं जाणं काय असतं, ते तसं मला ठाऊक आहे. मी अठरा वर्षांचा असताना सिंहस्थ होता आणि वडिलांनी मला त्र्यंबकच्या एका गुरुजींकडे धाडलं होतं. पर्वकाळात इतके यजमान येतात की घरचे ब्राह्मण पुरत नाहीत, मग एकमेकांकडून मागून घेतात. मला वाटलं, तिथे जाऊन रुद्र म्हणायचा आणि लोकांनी मान डोलवायच्या. तिथे मला सर्वांत मागच्या रांगेत बसवलं, आणि उरलेल्या वेळात कळशा भरायला लावलं. गर्दी अशी की माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. काही दिवसांनी मी कोणाला न सांगता एसटीत बसून घरी आलो, दारातच रडलो. वडिलांनी काय करावं? आईला चहा टाकायला सांगितला, मला समोर बसवून तो पूर्ण प्यायला लावला, आणि मग स्वतः माझी पिशवी उचलून स्टँडवर आले आणि पुढच्या गाडीत मला बसवलं. आता तुला वाटेल की पुढे मी पहिल्या रांगेत आलो. नाही. सिंहस्थ संपेपर्यंत मागेच होतो आणि कळशा भरत होतो. वडिलांनी बरोबर केलं की चूक, हे मला आजवर कळलेलं नाही. पण तो चहा मात्र आठवतो. आलं जास्त झालं होतं.

असो. पान संपत आलं आणि उत्तर काही सापडलं नाही. एवढं लांबलचक लिहून तुला शेवटी रिकाम्या हाताने परत पाठवतोय, याची लाज वाटते. गुडघ्याला तिळाचं तेल लाव, आणि त्या साखरभातवालीला एकदा आपलं वरण खायला घाल.

तुझा गोंधळलेला,
ढुंढिराज मामा

ता. क. खरं काम राहिलंच. तो फ्लेक्स अजून कोपऱ्यावर आहे. मी उतरवायला गेलो तर भागीबाईने अडवलं, कारण त्याची सावली नेमकी तिच्या फुलांवर पडते आणि पावसाळ्यापर्यंत तो हलवायचा नाही, असं तिने ठरवलं आहे. येणारा-जाणारा मला थांबवून दोन गोलांबद्दल अभिनंदन करतो आणि मी हात जोडतो. तेव्हा जमेल तेव्हा, कुठल्याही रंगात, कुठल्याही संघाकडून, दोन गोल कर. फ्लेक्सवर तारीख नाही, मी नीट पाहून घेतलंय.

ता. क. दुसरा. विश्वेश फोटो काढायला आला आणि पान हातातून जाता जाता सुचलं. ये. पण परतीचं तिकीट काढूनच ये. मी चहा टाकतो, पिशवी उचलून स्टेशनपर्यंत येतो. त्यानंतर तू गाडीत बसतेस की माझ्याबरोबर घरी परततेस, ते तू ठरव. मी वडिलांइतका कठोर नाही. आणि येत्या रविवारचा संकल्प निळा की पिवळा, तेवढं शनिवारपर्यंत न विसरता कळव.

ता. क. तिसरा (अक्षर तुझ्या आईचं आहे, ओळखशीलच). उत्तरा, दादाने पत्र वाचायला दिलं. त्याने एक लिहिलेलं नाही, कारण तेव्हा तो भागीबाईशी भांडत होता. चेंडू दांडीला लागल्यावर तुला जवळून दाखवलं, तेव्हा तू हसलीस. सगळ्या मुली डोक्याला हात लावून उभ्या होत्या आणि तू एकटी हसत परत पळालीस, भिंतीवरून चेंडू उडून शेजारच्यांच्या गच्चीत गेला की हसायचीस तशी. ते हसू अजून तसंच असेल तर तिथेच राहा, माझी काळजी करू नकोस. नसेल तर ये, गादी उन्हात आहे. आणि दादाला मी सांगितलंय की संकल्पात क्लब नको, रंगही नको. नुसतं तुझं नाव घे म्हटलं. ते तर कोणी उसनं दिलेलं नाही ना.